अरफाचा रोजा

सलग आठ दिवस रहिमतुल्ला शिवदासला जड काम करू देत नव्हता, आणि त्यामुळेच शिवदास धास्तावला होता.

बहारीनला, मनाम्यातल्या त्या वर्कशॉपमध्ये लेथवर हे दोघेच. शिवदास मालवणकडचा, रहिमतुल्ला राजापूरचा. गेलं वर्षभर रहिमतुल्ला त्याच्याशी कामापुरतंही धड बोलला नव्हता. आणि आता एकाएकी जाडजूड शाफ्ट स्वतःच्या मशीनवर ओढून घ्यायचा. "तू बस जरा पंख्याखाली," म्हणायचा. दुपारी डबा उघडायचा नाही. दाढीला कात्री नाही, नखं वाढून त्यांत काळं ग्रीस बसलेलं. गोऱ्या साहेबाच्या केबिनमध्येही दोनदा जाऊन आला होता.

"जपून ऱ्हा, गड्या," ड्रायव्हर गुंडू शिवदासला म्हणाला. "ईदच्या आदी बकऱ्याला बी हिरवागार पाला घालत्यात."

शिवदासला हसू आलं नाही. भ्यायला त्याच्याकडे कारण होतं आणि ते त्याने गुंडूलाही सांगितलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी पाचला काम सुटलं. माणसं गेली. वॉचमन हारूनच्या रेडिओवर मक्केजवळच्या अरफातच्या मैदानातून हाजींचा आवाज येत होता. लाखो माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती. शिवदास हात पुसून निघणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"शिवदास, थांब. बोलायचंय."

शिवदासचा हात पान्यावर गेला. कशाला गेला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"आधी मला सांग, साहेबाकडे कशाला गेला होतास?"

"ईदची सुट्टी मागायला. पहिल्यांदा नाही म्हणाला, म्हणून परत गेलो."

"आणि ही नखं?"

"कुर्बानी द्यायची आहे. चांद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत कापायची नसतात. रोजेही धरलेत. आज अरफाचा, शेवटचा." रहिमतुल्ला तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसला. त्याचे ओठ सुकून फुटले होते. "ऐकतोस ना रेडिओ? ते सगळे आज उन्हात उभे राहून रडतात, सूर्य बुडेपर्यंत. अल्लाचा गुन्हा केला असेल तर अल्ला माफ करतो. पण माणसाचा केला असेल, तर तो त्या माणसानेच माफ करायचा. म्हणून तुझ्याकडे आलो. मला माफ कर, बाबा."

शिवदास दचकला. "मी? कशाबद्दल?"

"गेल्या साली माझी हजची रजा रद्द झाली. कोणीतरी साहेबाच्या कानात घातलं, हा जेद्दाहून परत यायचा नाही, तिथे नोकरी बघून ठेवलीय. मला वाटलं, तूच. दोघांपैकी एकालाच सोडणार होते ना, आणि रजा तुला मिळाली, तुझ्या बहिणीच्या, मालूच्या लग्नाला. पुरावा काही नव्हता. तरी वर्षभर तुझं तोंड दिसलं की माझ्या मनात विष यायचं. तू आजारी पडावास असंसुद्धा मागितलं मी. इतकं पोटात ठेवून बकरा कापला, तर ते नुसतं मटण."

हा फास आहे, शिवदासला वाटलं. मला बोलतं करतोय. त्याने रहिमतुल्लाचा चेहरा नीट निरखला, डोळे निरखले. तिथे तहानेशिवाय काही सापडलं नाही.

"मुंबईला जाऊन आईला बोटीने हजला न्यायचं होतं मला," रहिमतुल्ला म्हणाला. "तिचं सामानही बांधून झालं होतं. ह्या पावसाळ्यात ती गेली. म्हणून राग जास्त होता, इतकंच. त्यात तुझा काय दोष?"

"केलं माफ," शिवदास घाईघाईने म्हणाला.

रहिमतुल्लाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांना लावला. मग हलक्या अंगाने उठला, नळावर हातपाय धुतले, कागदावर तीन खजूर ठेवले, पाण्याचा ग्लास भरला आणि रोजा सोडायला बांगेची वाट बघत बसला. पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन तांबडं होऊन भिंतीवर चढलं होतं.

फाटक उघडंच होतं. बाहेर गुंडूची गाडी उभी होती. इतके दिवस ज्याची धास्ती होती ते टळलं होतं. शिवदास चार पावलं गेला आणि तिथेच उभा राहिला.

"साहेबाक मीच सांगितलंय."

गावची बोली तोंडात कशी आली कोण जाणे. तो वळला नाही. फाटकाकडे बघतच बोलला, "दोनदा लग्नाची तारीख पुढे ढकलली होती. तिसऱ्यांदा मुलाकडचे थांबले नसते. म्हणून खोटं सांगितलं. तुझ्या आईचं... तिचं सामान बांधलेलं मला ठाऊक नव्हतं रे."

मग मशिदीतून बांग सुरू झाली.

शिवदास वळला. रहिमतुल्लाने ग्लास ओठांपर्यंत नेला होता, तो तिथेच थांबला होता. ग्लास तिरपा झाला होता आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"पी ना," शिवदास म्हणाला. "वेळ झाली."

"कळतंय मला." त्याची नजर पाण्यावरून हलली नाही. "थांब जरा. जाऊ नकोस. आता माफ करायचं माझ्याकडे आलंय."

बांग संपली, तरी ग्लास त्याच्या हातात तसाच होता.