उजव्या हातावर दही

राक्षसाने पुन्हा मारलं आणि ऋजुता पुन्हा खेळातल्या घरात आईसमोर उभी राहिली. गाव देखणं, गाणी गोड, पण ही आई! हातावर दही घातल्याशिवाय उंबरा ओलांडू देईल तर शपथ. दर मरणानंतर तेच.

वैतागून तिने खेळ बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. "हा फालतू नियम काढून टाका!"

"नियम आमचा नाही, मॅडम. तुमच्या आई गेल्या, तेव्हा तुम्ही दिलेल्या त्यांच्या आठवणींतून हे पात्र घडलंय. दही त्या स्वतःहून देतात. ते थांबवायचं, तर तुम्ही त्यांची मुलगी आहात हेच पुसावं लागेल."

ऋजुताने फोन आपटला आणि हात पुढे केला.

"दे. पण जरा लवकर!"

आई सावकाश साखरेचा डबा शोधू लागली.