साहेबांचं नाक

वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रं घेणं बंद केल्यापासून मी लग्नाच्या हॉलमध्ये दाराशी टेबल मांडून बसतो आणि पाहुण्यांची चित्रं काढून देतो. लोकांना आरशापेक्षा बरं दिसायचं असतं, म्हणून नाकं छाटतो, टकलांवर केस पेरतो. काल रांगेत माझे जुने संपादक उभे होते, सोबत काकू. तोंड कुठं लपवावं कळेना. चित्र मिळमिळीत वाटलं की साहेब ते टराटरा फाडायचे. आवडलं तरच कोपऱ्यात निळ्या पेनानं बरोबरची खूण करायचे. आणि त्यांचं ते बाकदार नाक! कँटीनच्या भिंतीवर मी ते कितीदा काढलं होतं, आणि चहा पिता पिता तेच सगळ्यात मोठ्यांदा हसायचे. खुर्चीत बसत ते म्हणाले, "जसा आहे तसा काढ रे. भीडभाड नको." मी सगळा जीव ओतला. कागद हातात घेऊन काकूंनी विचारलं, "अहो, तुमचं नाक कुठं गेलं?" खरंच, सवयीच्या हातानं ते केव्हाच सरळ करून टाकलं होतं. मी ओशाळून म्हणालो, "साहेब, फाडा ते. दुसरं काढतो." त्यांनी मागच्या लांबलचक रांगेकडे पाहिलं, मग टेबलावरच्या 'नाक, हनुवटी, टक्कल : सांगाल तसं' या पाटीकडे. खिशातून निळं पेन काढलं आणि कोपऱ्यात बरोबरची खूण केली.