थांबा क्रमांक सात

कॉलिनच्या मागोमाग पंधरा-वीस माणसं गल्लीतून येताना दिसली आणि म्युरिएल हॉल्डनचा जीव भांड्यात पडला. आली म्हणायची एकदाची. रविवारी प्रार्थना संपल्यावर ती चर्चमध्ये उभी राहिली होती. नगरपालिकेची माणसं गुरुवारी माझ्या घराला कुलूप लावायला येणार, त्याआधी चार जण माझ्या दारात येऊन उभे राहा, एवढंच ती बोलली. सगळ्यांनी माना डोलावल्या. या गावात मान डोलावायला काहीच लागत नाही, हे अठ्ठ्याहत्तर वर्षं इथे काढल्यावर तिला वेगळं सांगायला नको होतं. तरी सोमवार, मंगळवार ती खिडकीला डोळे लावून बसली होती. आज बुधवार.

घर तसं धडधाकट होतं. मागची बाग तेवढी हिवाळ्यात समुद्राने ओढून नेली होती, आणि कडा आता भिंतीपासून अकरा पावलांवर आला होता. अकरा पावलं म्हणजे आणखी दोन वर्षं सहज, असा तिचा हिशेब. नगरपालिकेला तो मान्य नव्हता.

तिने घाईघाईने किटली चढवली. कप पुरेनात म्हणून नेहमी कपाटात राहणारा लग्नातला सेटही काढला. कॉलिन आला याचं तिला विशेष वाटलं. या किनाऱ्यावरच्या पायवाटा तिनेच त्याला दाखवल्या होत्या; बावीस वर्षं दर आठवड्याला पाहुण्यांना ती फिरवायची, गुडघे गेल्यावर ते काम तिने त्याच्या हाती दिलं. कृतज्ञ निघाला हो पोरगा, असं स्वतःशी म्हणत ती ट्रे घेऊन बाहेर आली.

मंडळी कुंपणाशी अर्धगोल करून उभी होती. कॉलिनची तिच्याकडे पाठ होती. त्याने नवी छापलेली पुस्तिका उघडली आणि वाऱ्यावर आवाज चढवून वाचलं, "थांबा क्रमांक सात. गावातलं शेवटचं घर. पुढच्या वर्षी याल तेव्हा ते समुद्रात असेल, तेव्हा आत्ताच डोळे भरून पाहून घ्या."

दोघे-तिघे हसले. बाकीच्यांनी फोन वर केले.

म्युरिएलला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी संताप आला. पण हातात ट्रे होता, आणि तो घेऊन परत आत जायचं तर कप वाजले असते.

कॉलिन वळला आणि कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही अजून इथेच? मला वाटलं, लेकीकडे गेलात."

"उद्यापर्यंत आहे."

त्याने ट्रेकडे पाहिलं, सेटकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं असावं, कारण तो एकदम फार प्रेमाने बोलू लागला. म्हणाला, कशाला एवढा त्रास घेतलात, मंडळींचा चहा पाचव्या थांब्यावरच झाला. पुस्तिकेचं म्हणाल तर मजकूर गावच्या समितीने लिहिलाय, त्यात माझं काही चालत नाही. मग तो घड्याळ पाहू लागला.

तेवढ्यात लाल कोटातली एक बाई पुढे आली. चेहरा मायाळू, बोलणं अदबीचं. "आजी, रागावू नका हं. जरा बाजूला होता का? माणूस दिसलं की घर राहतं वाटतं. फोटोत ते रिकामं यायला हवं."

कोणी गोड बोलून काही मागितलं की नाही म्हणायचं, हे म्युरिएलला जन्मात जमलं नव्हतं. ट्रे पायरीवर ठेवून ती बाजूला झाली.

"आणखी थोडं मागे."

घराच्या बाजूच्या कुंपणालगत ती कड्यापर्यंत मागे सरकली. खाली लाटा आपटत होत्या.

"आणखी एक पाऊल, आजी."

"मागे आता जागा नाही गं," म्युरिएल म्हणाली.

बाईने फोन खाली केला, क्षणभर विचार केला आणि हसून म्हणाली, "मग तिथेच जरा खाली बसता का? तेवढंच कुंपणाआड होईल."

म्युरिएलने कुंपणाची फळी धरली आणि एकेक गुडघा टेकत ती आपल्याच कुंपणाआड लपली.