पेन्सिलची फुली

संचालक मंडळात एक तरी बाई हवीच, असा कायदा आला तेव्हा सिन्नरच्या त्या कंपनीच्या मालकांनी आपल्या बायकोला, मंजुषाताईंना, संचालक केलं. मीटिंग कारखान्यात व्हायची. दुसऱ्या दिवशी कंपनी सेक्रेटरी देवरे कागद घेऊन नाशिकला बंगल्यावर यायचे. जिथे पेन्सिलची फुली असेल तिथे मंजुषाताई सही करायच्या आणि देवरेंना चहा द्यायच्या. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

आज मात्र पेन उघडण्याआधी त्यांनी विचारलं, "वेदिकाचं काय झालं?"

वेदिका त्यांची मुलगी. इंजिनियर. सहा वर्षं कारखान्याचं सगळं प्रॉडक्शन तीच बघत होती.

"संचालक म्हणून नाव निघालं होतं, मॅडम. पण कायद्याला एक बाई लागते, ती मंडळावर आहेच, मग दुसरी कशाला, असं ठरलं."

"आणि कोणीच विरोध केला नाही?"

"नाही. ठराव साहेबांनी मांडला," देवरेंनी फुलीवर बोट ठेवलं, "आणि अनुमोदन तुम्ही दिलंत."