बोटाएवढा निळा मासा

निपाणीत वरच्या मजल्यावर माझा दातांचा दवाखाना आहे. पेशंट घाबरू नयेत म्हणून खुर्चीसमोरच्या टीव्हीवर मी समुद्रातल्या माशांचा व्हिडिओ लावून ठेवतो. त्यात बोटाएवढा एक निळा मासा मोठ्या माशाच्या जबड्यात बिनधास्त शिरतो, आतली घाण साफ करतो आणि त्यावरच पोट भरतो.

काल बाबगोंडाअण्णा आले. त्यांच्या दातांवरचा काळा थर खरवडता खरवडता मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं, "अण्णा, ह्यो बारका मासा म्हंजे मीच बघा. लोकांच्या तोंडातली घाण काढायची, हीच माझी समाजसेवा. तुमी तंबाखू तेवढी सोडा."

अण्णांनी चूळ भरली, टीव्हीकडं बराच वेळ पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आन् ह्या बारक्या माशाचा बाप काय करतोय रं?"

मी टीव्ही बंद केला. खाली आमच्या दुकानात आप्पा गिऱ्हाइकाला तंबाखू बांधून देत होते, "माल लई कडक हाय बगा. दात दुखलं तर पोरगा वरच बसतोय."