कोरा चौकोन

नवरा गेला तेव्हा तिने चष्म्याच्या दुकानाच्या वेबसाइटवरून त्याचा भुवईवरचा व्रण दिसणारा फोटो काढून टाकला. रडूबिडू काही आलं नाही. फोटोच्या जागी पांढरा चौकोन उरला, तो भरायचा राहूनच गेला.

लोक पानावर कुठे क्लिक करतात, ते रंगांत दाखवणारा नकाशा ती रोज बघायची. 'वेळ ठरवा' या बटणाकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. कोऱ्या चौकोनावर मात्र लालभडक डाग होता. अनोळखी माणसं तिथेच क्लिक करत होती, पुन्हा पुन्हा.

काहीतरी बिघडलं असेल म्हणून तिने अख्खं पान नव्याने बनवलं. डाग गेला नाही, उलट पसरला.

शेवटी तिने वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या काकूंना दुकानात बोलावलं आणि लॅपटॉपसमोर बसवलं. "डोळे तपासायची वेळ ठरवायचीय असं समजा. जे कराल ते मोठ्याने बोला."

काकूंनी माउस धरला आणि थेट चौकोनावर टकटक सुरू केली.

"तिथे काही नाहीये, काकू," ती कोरडेपणाने म्हणाली.

"असं कसं? हे भुवईवर व्रण असलेले गृहस्थ आहेत की! डोळा लागलाय बिचाऱ्यांचा." काकू हसल्या. "मग वेळ कुणाला विचारू? उठवतेय त्यांना."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. पांढरंशुभ्र.

टक. टक.

काकूंचं बोट थांबलं.

"हं," त्या म्हणाल्या, "उघडले डोळे."