सपत्नीक सत्कार

आर्णीचे निवृत्त शिक्षक शेषराव रोज सकाळी इकडून तिकडून माहिती गोळा करून एका थोर कलावंताची ओळख लिहीत आणि गावभर मोबाइलवर पाठवत. त्याआधी ती बायकोला ऐकावी लागे. गवई असो, चित्रकार असो की नट, शेवटची ओळ ठरलेली : ‘पत्नीची मोलाची साथ लाभली.’

“तिचं नाव काय होतं?” तुरीच्या शेंगा सोलता सोलता विमलताईंनी एकदा विचारलं.

“तिच्या नावाचं काय लोणचं घालतं?” शेषराव खेकसले.

या महान कार्याबद्दल वाचनालयानं त्यांचा सपत्नीक सत्कार ठेवला. पत्रिकेतला परिचय शेषरावांनी स्वतःच लिहून दिला. त्यात शाळकरी वयात कबड्डीत मिळालेली ढालसुद्धा होती. शेवटची ओळ तीच.

सत्काराच्या दिवशी कडक इस्त्रीतले शेषराव दारातून ओरडले, “अवं, चाल ना लवकर! तिथं जोडीच्या खुर्च्या मांडल्या हायेत. मी काय एकटाच बसू?”

विमलताईंनी शेंगांचं टोपलं पुढ्यात ओढलं.

“एकटे कायले? रस्त्यात जे बाई भेटन ते नेऊन बसवा. पत्रिकेत तं नावच नाही.”